‘टेबलावर झोपू नये’ ही पाटी उतरवा : पुण्यातल्या अभ्यासिकाचालकांना खुलं पत्र

प्रति,
अभ्यासिकाचालक, स्पर्धा परीक्षांचे क्लासचालक आणि सार्वजनिक अभ्यासिकांचे व्यवस्थापक,
सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ आणि उरलेलं सगळं पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर नियमांचा एक फलक असतो. मोबाइल सायलेंट ठेवा, डबा टेबलावर उघडू नका, लॉकरची किल्ली हरवल्यास दंड. त्याच यादीत ‘टेबलावर झोपू नये’ हे वाक्य कित्येक वर्षं आहे. आजवर त्याचा फारसा जाच नव्हता. देखरेख करणारा मुलगा यायचा, टेबलावर दोन टिचक्या मारायचा, झोपलेला दचकून उठायचा आणि विषय तिथेच संपायचा. आता काही ठिकाणी या वाक्याची रीतसर अंमलबजावणी सुरू झाली आहे. तीनदा डोळा लागलेला दिसला तर जागा रद्द, अनामत परत नाही, आणि सीसीटीव्हीतला फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. हे गप्प बसून पाहण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही झोप आणि स्मरण हा विषय शिकवतो, किंवा झोपेच्या तक्रारी तपासतो. ‘वाचलेलं राहत नाही’, ‘दुपारनंतर डोकं चालत नाही’ असं सांगत येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण तुमच्याकडे बसणारे असतात. त्यांचा दिवस तुमच्या फलकानुसार चालतो. आम्ही काहीही सल्ला दिला तरी तो दुपारी दोन वाजता तुमच्या नियमापाशी अडतो. आमचा या प्रकरणाशी संबंध एवढाच.

आधी पेंगेबद्दल. दुपारी एक ते तीनच्या सुमाराला येणारी सुस्ती मेसच्या भातामुळे येते, असं तुम्हीही मानता आणि मुलंही. भात त्यात भर घालतो, पण मूळ कारण तो नाही. जेवण टाळलं तरी ही सुस्ती येतेच. सकाळी जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ तासागणिक वाढते. त्या ओढीला तोंड देत आपल्याला जागं ठेवण्याचं काम शरीराचं घड्याळ करत असतं. दुपारी त्याचा जोर थोडा ओसरतो आणि संध्याकाळी पुन्हा चढतो. म्हणून तर दोन वाजता पुस्तकावर डोकं आपटणारा मुलगा सहा वाजता चहा न घेताही टवटवीत असतो. ज्याची रात्रीची झोप पाच-साडेपाच तासांवर आली आहे, त्याची दुपार अर्थातच जास्त जड जाते. त्यात आळसाचा संबंध कमी आणि शरीराच्या हिशेबाचा जास्त. पेठांतली दुकानं एक ते चार बंद ठेवणाऱ्या शहराला हे कुणी बाहेरच्याने येऊन समजावून सांगायची गरज पडू नये.

आता स्मरणाबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण ‘झोपला म्हणजे वेळ गेला’ हा तुमचा समज इथेच तपासून पाहायचा आहे.

नवं वाचलेलं सुरुवातीला मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकतं. तिथली नोंद कच्ची असते. तासन्‌तास जागं राहून एकामागून एक माहिती भरत गेलं की ही नवी नोंद घेण्याची क्षमताच उतरते. झोपेत, विशेषतः हलक्या झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात, मेंदूच्या विद्युतलेखात स्पिंडल नावाच्या लहरींचे छोटे झटके दिसतात. सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनं, आणि एकेक झटका अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंतचा. कच्च्या नोंदी मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरण्याशी आणि नव्या नोंदींना वाव मिळण्याशी या लहरींचा संबंध वारंवार आढळला आहे. म्हणजे दुपारच्या झोपेचे फायदे दोन. सकाळचं वाचलेलं कमी गळतं, आणि संध्याकाळचं वाचन आत जातं.

दुसऱ्या फायद्याचा दाखला बर्कले विद्यापीठातल्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या प्रयोगात आहे. तरुणांना दुपारी बारा वाजता चेहरे आणि नावं यांच्या जोड्या पाठ करायला दिल्या, संध्याकाळी सहा वाजता नव्या जोड्या दिल्या. मधल्या वेळात काहींना दीड तासाहून थोडी जास्त वेळ झोपण्याची मुभा होती, काही जागे राहिले. जागं राहिलेल्यांची शिकण्याची क्षमता संध्याकाळपर्यंत घसरली होती. झोपलेल्यांची घसरली नाही, आणि ज्यांच्या झोपेत जलद स्पिंडल जास्त होते त्यांना ती जास्त परत मिळाली.

पहिल्या फायद्याचा तुमच्या विद्यार्थ्यांच्या अगदी उपयोगाचा दाखला जर्मनीतल्या सारलांट विद्यापीठातला, २०१५ चा. सुटे शब्द आणि शब्दांच्या जोड्या, दोन्ही शिकवून मध्ये काहींना झोपू दिलं. ‘हा शब्द आधी पाहिला होता का’ या प्रश्नात झोपेने काही फरक पडला नाही. पण ‘या शब्दाच्या जोडीला कोणता होता’ हे झोपलेल्यांना जवळजवळ आधीइतकंच आठवत राहिलं, जागे राहिलेल्यांचं मात्र निसटलं. आता राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची किंवा कम्बाइनची (गट ब आणि क पदांच्या संयुक्त परीक्षेची) कोणतीही प्रश्नपत्रिका काढा. अनुच्छेद २८० आणि वित्त आयोग, ३२४ आणि निवडणूक आयोग, ३१५ आणि लोकसेवा आयोग, ७६ आणि महान्यायवादी, १६५ आणि महाधिवक्ता. १८६७ प्रार्थना समाज, १८७३ सत्यशोधक समाज, १८७५ आर्य समाज. सगळा खेळ जोड्यांचा आहे. ‘हे कुठेतरी वाचलंय’ एवढ्यावर चार पर्यायांतला एक निवडता येत नाही, आणि वजा गुणांची पद्धत असल्यावर तो निवडणं महागात पडतं. झोपेने जे टिकतं ते नेमकं हेच ‘कशाला काय’.

‘झोपण्यापेक्षा तोच तास वाचला तर?’ हा तुमचा रास्त प्रश्न. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस संस्थेत २०१९ मध्ये तोच तपासला. ८४ विद्यार्थ्यांना खेकडे आणि मुंग्या यांच्या जातींची किचकट, एकमेकींत सहज गोंधळ होईल अशी माहिती दोन सत्रांत शिकवली. मधला एक तास काहीजण झोपले, काहींनी तेच पुन्हा घोकलं, काहींनी नुसती सुट्टी घेतली. शिकून झाल्यावर अर्ध्या तासाने घेतलेल्या चाचणीत घोकणारे आणि झोपणारे दोघंही सुट्टीवाल्यांच्या पुढे होते. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा सुट्टीवाल्यांवरची ठोस आघाडी फक्त झोपलेल्यांची उरली होती. झोपलेल्यांनी घोकणाऱ्यांना स्पष्टपणे हरवलं असं या प्रयोगातून निघत नाही, आणि आम्ही तसा दावा करणार नाही. पण झोपेतला तास ‘वाया’ गेला हेही यानंतर कुणाला म्हणता येऊ नये. आणि तुमच्याकडच्या मुलांची परीक्षा अर्ध्या तासाने नसते, महिन्यांनी असते.

तुमचा नियम तासाभराच्या झोपेवरच आहे असंही नाही. तो पाच मिनिटांच्या डुलकीलाही लागू आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फमध्ये २००८ साली सरासरी सहा मिनिटांच्या झोपेनेही तीस शब्दांची यादी तासाभराने जास्त आठवल्याचं दिसलं होतं. ज्या डुलकीला तुम्ही दंड लावता ती याच मापाची आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, तुमचा नियम वेळ पाहत नाही. वीस मिनिटं आणि दोन तास त्याला सारखेच. दोन तास टेबल अडवून घोरणाऱ्याला उठवा, आमची काही हरकत नाही. पण मापात घेतलेली झोप आणि बेसुमार झोप यांना एकच शिक्षा असेल, तर मुलं मापात झोपायला शिकणार तरी कशी?

दुसरी तक्रार त्या फोटोंची. तोंड उघडं पडलेल्या, वहीवर गाल टेकलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकणं ही शिस्त नव्हे. मुलींच्या बाबतीत तर त्यावर अधिक काही लिहिण्याची गरजही पडू नये. सीसीटीव्ही चोरीसाठी लावला आहे, त्याच कामाला वापरा.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी. या नियमाने झोप थांबत नाही, ती फक्त वाईट जागी आणि वाईट वेळी ढकलली जाते. दोन वाजता पेंग आलेल्या मुलापुढे तुम्ही तीन रस्ते ठेवता. एक, डोळे ताणून बसणं. पान उलटतं, हायलायटर फिरतो, आत काही जात नाही. तासाभराने तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. दोन, खाली टपरीवर जाणं. कटिंग, सिगारेट, मोबाइल, आणि पाऊण तास कधी गेला हे कळत नाही. तीन, खोलीवर जाणं. हा मार्ग सर्वांत नुकसानीचा, कारण तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कॉट बेसिसवरच्या खोलीत पोहोचून आडवं पडेपर्यंत तीन वाजतात. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पत्रा तापलेला. कुणी उठवणारं नाही, गजर एकदा बंद केला की संपलं. दीड-दोन तासांनी, गाढ झोपेच्या मधोमध कधीतरी जाग येते ती डोकं जड घेऊन. अभ्यासिकेत परतेपर्यंत साडेपाच. संध्याकाळी उशिरा झोपून उठल्यामुळे झोपेची ओढ उतरलेली असते, म्हणून रात्री एक-दोनपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी सातला बॅचमेट उठवतो, रात्रीची झोप पाच तास, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पेंग आदल्या दिवसापेक्षा जास्त. हे चक्र आम्ही मुलांच्या झोपेच्या नोंदवह्यांत इतक्यांदा पाहतो, की वही न उघडता पुढचं पान सांगता येईल. याची कळ तुमच्या हातात आहे. मुलं वीस मिनिटं अभ्यासिकेतच झोपली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चौथी तक्रार क्लासचालकांकडे. पॉलिटी किंवा अर्थशास्त्राचं नवं, दाट डिक्टेशन दीड ते साडेतीनच्या बॅचमध्ये ठेवायचं आणि मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला उभं करायचं, हा कुठला न्याय? हॉल त्या वेळेला स्वस्तात मिळतो हे आम्हाला ठाऊक आहे. निदान त्या वेळेत प्रश्नसंच सोडवून घ्या, गटात चर्चा ठेवा, ज्यात मुलांना हात आणि तोंड चालवावं लागेल. नवा धडा सकाळी किंवा चारनंतर.

आणि पाचवी, छोटीशी. ‘काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा’ हा श्लोक भिंतीवर लावणाऱ्यांनी दुपारी दोन वाजता खाली रस्त्यावरचा कुत्रा काय करत असतो, तेही एकदा पाहावं.

तुम्ही म्हणाल, मुभा दिली तर मुलं लोळत पडतील. म्हणून ही झोप नेमकी कशी घ्यायची ते इथे लिहितो. हाच मजकूर जुन्या पाटीच्या जागी लावलात तरी चालेल.

वेळ दुपारी एक ते तीन, फार तर साडेतीन. चारनंतर नाही, कारण ती रात्रीच्या झोपेतून कापली जाते. जेवणानंतर वीस ते तीस मिनिटं जाऊ द्यावीत. भरल्या पोटी पुढे वाकून झोपलं की आंबट पाणी घशाशी येतं आणि उठल्यावर छातीत जळजळते. झोपण्याआधीचा अर्धा तास जोड्यांच्या अभ्यासाला द्यावा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं एकदा लिहून काढावं आणि लगेच डोळे मिटावेत. मध्ये रील्स नकोत.

गजर २५ मिनिटांचा: पाच मिनिटं झोप लागायला, वीस झोपेची. फोन व्हायब्रेटवर, आणि तो टेबलावर नव्हे तर शर्टाच्या खिशात किंवा मुठीत. प्लायवूडच्या टेबलावर फोन थरथरला की पूर्ण रांग उठते. तुमच्याकडच्या भांडणांतली अर्धी यावरूनच होत असतील. दहा मिनिटांत झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहावं, पण गजर पुढे ढकलू नये. ज्याला दुपारी झोपायची सवयच नाही त्याने ओढूनताणून झोपण्यात अर्थ नाही.

वीसच मिनिटं का? ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ब्रूक्स आणि लॅक यांनी २००६ मध्ये रात्री सुमारे पाचच तास झोपू दिलेल्या तरुणांना दुपारी तीनला ५, १०, २० आणि ३० मिनिटं झोपवून पाहिलं. पाच मिनिटांनी तरतरीत विशेष फरक पडला नाही. दहा मिनिटांचा फायदा उठल्याबरोबर दिसला आणि काही बाबतींत अडीच तासांहून जास्त टिकला. वीस मिनिटांचा साधारण पस्तीस मिनिटांनी दिसू लागला आणि दोन तासांवर टिकला. तीस मिनिटं झोपलेले आधी काही काळ सुस्त होते, मग सुधारले. त्या सुस्तीचं कारण असं की अर्ध्या तासाच्या आसपास मेंदू गाढ झोपेत उतरू लागतो, आणि तिथून उठवलं की तो पंधरा ते तीस मिनिटं पूर्ण जागा होत नाही. दुसरीकडे सिंगापूरमध्येच २०२३ मध्ये १०, ३० आणि ६० मिनिटांची तुलना झाली तेव्हा नवी माहिती टिपण्याच्या बाबतीत ३० मिनिटांची झोप सरस ठरली, आणि उठल्यानंतरची सुस्ती अर्ध्या तासात गेली. म्हणजे पेंग घालवण्यासाठी दहा पुरतात, स्मरणासाठी थोडी जास्त बरी. गर्दीच्या अभ्यासिकेत वीस ही व्यवहाराची मर्यादा आहे. ज्याला घाई नाही त्याने तीस घ्यावीत, पण नंतरचा अर्धा तास हलक्या कामाला राखून ठेवावा. पाऊण तासावर उठणं सगळ्यांत वाईट.

उठल्यावर उभं राहावं, तोंड धुवावं, गॅलरीत उजेडात पाच मिनिटं थांबावं. नुसत्या तोंड धुण्याचा परिणाम लवकर ओसरतो, उजेडाचा जास्त टिकतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं स्वतःच्या नोट्स चाळाव्यात. सीसॅटचा (पूर्वपरीक्षेतल्या आकलन-तर्कक्षमतेच्या पेपरचा) उतारा त्यानंतर. कॉफी घ्यायचीच असेल तर झोपण्याच्या आधी घ्यावी. कॅफीनचा असर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे गजर वाजतो तेव्हाच तो सुरू होतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९७ साली झालेल्या प्रयोगात १५० मिलिग्रॅम कॅफीन आणि त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आतली झोप, या दोहोंच्या मेळाने पेंगुळलेल्या वाहनचालकांच्या चुका चांगल्याच कमी झाल्या होत्या. टपरीच्या कटिंगमध्ये तेवढं कॅफीन नसतं, आणि तीननंतर घेतलेलं रात्री अकरालाही अंगात उरलेलं असतं.

आसनाबद्दल. हातांची घडी करून त्यावर कपाळ टेकणं ही सगळ्यांची सवय, आणि त्रासाचं मूळही तीच. कोपराच्या आतल्या बाजूची नस दबून करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. मनगटावर डोळा दाबला गेला की उठल्यावर काही वेळ धूसर दिसतं. मान एकीकडे वळून राहिल्यास दोन दिवस अवघडते. चष्मा आणि घड्याळ काढून ठेवावं, डोक्याखाली जाडसर उशी किंवा गुंडाळलेलं जर्किन घ्यावं, हात उशीच्या बाजूला मोकळे सोडावेत. खुर्चीच्या पाठीवरून हात मागे लोंबकळत सोडून तर कधीच झोपू नये. दंडाची नस दबून मनगट लुळं पडल्याचे रुग्ण येतात आणि ते बरं व्हायला आठवडे लागतात. यापेक्षा मागे रेलून, मानेला आधार देऊन झोपणं केव्हाही चांगलं. पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानांच्या वैमानिकांवरचा नासाचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यांना कॉकपिटमध्ये, आपल्याच आसनावर, पाळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली होती. सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि नंतरचा सावधपणा मोजण्याइतका सुधारला. वैमानिकाला खुर्चीत झोपता येतं, तर पीएसआयची तयारी करणाऱ्याला का नाही?

तुमचे काही आक्षेप खरे आहेत. घोरण्याचा आक्षेप सगळ्यांत खरा. त्यावर उपाय वेगळी जागा हाच, आणि ती मागण्यांत येईलच. पण एक लक्षात ठेवा: जो जोरात घोरतो आणि रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी आडवा होतो, त्याला दंडाची नव्हे, तपासणीची गरज आहे. झोपेत श्वास अडकणं, हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, यातलं काहीही निघू शकतं. मेसच्या जेवणावर वर्षानुवर्षं काढणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन आधी तपासावं. तसंच ज्यांना रात्री झोपच लागत नाही त्यांनी दुपारची झोप टाळावी. आणि वीस मिनिटं ही रात्रीच्या सात तासांची भरपाई नाही. ‘मी चार तास झोपतो आणि दुपारी डुलकी काढतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या टॉपरचा फ्लेक्स तुम्ही लावू नये, ही वेगळी विनंती.

‘दिवसा झोपणं शास्त्रात निषिद्ध आहे’ असंही काही ज्येष्ठ व्यवस्थापक सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय काढून पाहावा. उन्हाळ्यात दिवसाची झोप सर्वांनाच सांगितली आहे. इतर ऋतूंत कफ-पित्त वाढतं म्हणून ती टाळायला सांगितली आहे, पण ज्यांना तिची मुभा आहे त्या यादीत अध्ययनाने थकलेले स्पष्टपणे येतात. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षताही आणत नाही आणि शरीर जडही करत नाही, हेही तिथेच आहे. तेव्हा अभ्यासिकेतल्या खुर्चीतली डुलकी शास्त्राच्या आड येते असं म्हणू नका.

राहिला पैशांचा प्रश्न. मुलं महिन्याचे पैसे आगाऊ भरतात. आपल्याच नावाच्या टेबलावर वीस मिनिटं डोळे मिटल्याने तुमचं काय बुडतं, हे आम्हाला कळलेलं नाही. मोफत किंवा तासावारी जागा असलेल्या सार्वजनिक अभ्यासिकांची अडचण वेगळी, तिथे बाहेर रांग असते. म्हणून तिथे वेगळी जागा हवी. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्या ४५२ कामगारांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडेल. ही माणसं रात्री सरासरी साडेपाच तासच झोपत होती, म्हणजे तुमच्या मुलांसारखीच. घरी उपाययोजना करून रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली तरी कामात फरक दिसला नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास झोपायला दिला तेव्हा मात्र कामाची गती, एकाग्रता आणि मनाची स्थिती सुधारली. झोपेत वेळ गेल्याने एकूण काम थोडं घटलं, हेही त्यात नोंदलं आहे. पण तोच वेळ नुसता बसून घालवणाऱ्यांपेक्षा झोपणारे पुढे होते. तुमच्याकडची मुलं तो वेळ कशी घालवतात ते वर लिहिलंच आहे.

आमच्या मागण्या अशा.

१. ‘टेबलावर झोपू नये’ हे वाक्य काढून तिथे लिहा: ‘दुपारी १ ते ३.३० या वेळेत, आपल्या जागेवर, एका वेळी ३० मिनिटांपर्यंत झोपण्यास हरकत नाही. गजर फक्त व्हायब्रेटवर.’ झोपेवरून लावलेले दंड आणि रद्द केलेल्या जागा मागे घ्या, जप्त केलेली अनामत परत करा.

२. झोपलेल्यांचे फोटो काढणं आणि ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. आधी टाकलेले पुसून टाका.

३. दर शंभर जागांमागे चार आरामखुर्च्यांची एक वेगळी खोली. एका खुर्चीला ये-जा धरून साधारण अठरा ते वीस चौरस फूट लागतात, म्हणजे आठ बाय दहाची खोली पुरते. लॉकर रिकामे करून एवढी जागा बहुतेकांकडे निघेल. अर्ध्या तासाची पाळी धरली तर एक ते साडेतीनमध्ये पाच पाळ्या, चार खुर्च्या, रोज वीसजण. कापडी घडीच्या खुर्च्या चालतील, पाठ बरीच मागे रेलणारी हवी. पलंग नकोत, पलंगावर वीस मिनिटांचे दोन तास होतात. खिडकीला गडद पडदा, एक पंखा, दाराबाहेर पाळीची वही. मुलींसाठी वेगळी खोली किंवा निदान वेगळ्या पाळ्या, आणि त्यांची वही त्यांच्याच हाती.

४. जिथे खोली शक्य नाही तिथे दीड ते तीन या वेळेत एका रांगेवरचे दिवे बंद ठेवा. ज्याला झोपायचं तो त्या रांगेत जाईल, बाकीच्यांना उजेड मिळेल.

५. क्लासचालकांनी पुढच्या बॅचपासून दीड ते तीनमध्ये नवं डिक्टेशन ठेवू नये.

६. पालकांचा फोन आला तर ‘तुमचा मुलगा झोपला होता’ एवढंच सांगू नका. किती वाजता आणि किती मिनिटं, तेही सांगा.

हे सगळं एकदम कायमचं करा असं आमचं म्हणणं नाही. येत्या महिन्याच्या एक तारखेपासून चार आठवडे करून पाहा. त्या काळात दोनच गोष्टी वहीत टिपा: दुपारी एकला असलेल्यांपैकी किती मुलं साडेचारला जागेवर आहेत, आणि दुपारी बाहेर गेलेला माणूस सरासरी किती वेळाने परत येतो. आदल्या चार आठवड्यांचे आकडे हजेरीच्या रजिस्टरमध्ये आहेतच. चार आठवड्यांनी दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि मुलांसमोर भिंतीवर लावा. कुणाला आकडे मांडायला किंवा खोलीची आखणी करायला मदत हवी असेल तर आम्ही येऊ, मोबदला नको. दुपारी एकच्या आधी किंवा साडेतीनच्या नंतर बोलवा.

आपले,
झोप आणि स्मरण या विषयांवर काम करणारे काही शिक्षक आणि डॉक्टर, पुणे